गेलेले क्रिप्टो परत आणून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

वाचकाचे पत्र (थोडक्यात): मी नाशिकला एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करते. गेली तीन वर्षे दर महिन्याच्या पगारातून थोडी रक्कम बाजूला काढून एका भारतीय क्रिप्टो एक्सचेंजवर बिटकॉइन आणि इथर घेत होते. दोन आठवड्यांपूर्वी व्हॉट्सॲपवर ‘तुमच्या केवायसीची मुदत संपली आहे’ असा निरोप आला आणि त्यासोबत आलेले ॲप मी फोनमध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाते उघडले तर सगळे बिटकॉइन आणि इथर रात्रीतच विकून त्याचे यूएसडीटी (डॉलरशी भाव बांधलेले क्रिप्टो टोकन) केलेले होते, आणि ते दोन व्यवहारांत ट्रॉन या ब्लॉकचेन नेटवर्कवरील एका अनोळखी वॉलेटच्या पत्त्यावर गेलेले होते. सुमारे ४ लाख ६० हजार रुपये गेले. त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, पोचपावतीचा क्रमांक मिळाला, पुढे काहीच झाले नाही. एक्सचेंज म्हणते की पासवर्ड आणि ओटीपी बरोबर होते, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. आता टेलिग्रामवर एक गृहस्थ भेटले आहेत. ३५ हजार रुपये आगाऊ दिल्यास ८० टक्के रक्कम परत आणून देतो, असे ते म्हणतात, आणि माझ्या व्यवहारांचा तपशीलही त्यांना ठाऊक आहे. क्रिप्टो बाळगणेच बेकायदा आहे असे ऐकते, मग पोलिसांत गेले तर मीच अडकेन का? घरी अजून कोणालाच सांगितलेले नाही.

उत्तर:

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीचा प्रश्न त्या ३५ हजारांचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. ते पैसे देऊ नका. त्या गृहस्थाने ३५ हजारांऐवजी ५ हजार मागितले तरी देऊ नका, ‘आधी काम, मग पैसे’ म्हटले तरी त्याच्याशी पुढे बोलू नका, आणि त्याने पाठवलेली कोणतीही लिंक उघडू नका. ज्या पत्त्यावर तुमचे यूएसडीटी गेले, तेथून ते हलवण्यासाठी त्या पत्त्याची खासगी किल्ली, म्हणजे गुप्त संकेत, लागते आणि ती किल्ली फक्त चोराकडे आहे. बाहेरच्या कोणत्याही तज्ज्ञाला, त्याचे कौशल्य कितीही मोठे असो, ती किल्ली नसताना तेथील एक पैसाही हलवता येत नाही. ब्लॉकचेनवरचा, म्हणजे क्रिप्टोच्या सार्वजनिक नोंदवहीतला, व्यवहार एकदा पक्का झाला की तो उलटवणारे कोणतेही बटण कोणाकडेही नसते. त्यामुळे ‘चोराच्या वॉलेटमध्ये शिरून रक्कम परत आणतो’ हे वाक्य उच्चारणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा ठग असतो, आणि जो आगाऊ पैसे मागतो तो अडाणी नसतो.

त्याला तुमचा तपशील कसा ठाऊक, ही शंका तुमच्या मनात आली ते बरे झाले. तुमच्या खात्यातून काय गेले, केव्हा गेले आणि कोणत्या पत्त्यावर गेले, हे चोराला अर्थातच माहीत आहे, आणि ज्यांनी एकदा लुटले त्यांनीच मदतनीस बनून दुसऱ्यांदा यावे, ही या धंद्यातली नेहमीची रीत आहे. लुटल्या गेलेल्यांच्या याद्या एका टोळीकडून दुसऱ्या टोळीकडे विकल्याही जातात. तुम्ही समाजमाध्यमावर कुठे मदत मागितली असेल, तर तेथूनही त्याला ही माहिती मिळाली असेल. पुढचे टप्पेही ठरलेले असतात. आधी तुमच्या नावाने तयार केलेल्या एखाद्या संकेतस्थळावर तुमची रक्कम ‘सापडलेली’ दाखवली जाते, मग ती सोडवण्यासाठी कर, मग नेटवर्क शुल्क, मग एखाद्या परदेशी यंत्रणेचे बनावट प्रमाणपत्र. काही वेळा विश्वास बसावा म्हणून दोन-तीन हजार रुपये खरोखर परत पाठवले जातात. त्या माणसाला उत्तर न देता त्याचे सगळे निरोप, वापरकर्ता-नाव आणि पैसे भरण्यासाठी त्याने दिलेला यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तुमच्या प्रकरणात पोलिसांच्या हाती लागू शकणारा भारतातला पहिला धागा कदाचित तोच असेल.

यापुढचे काम आजच करायचे आहे आणि ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून करायचे आहे. ज्या फोनमध्ये ते ॲप गेले, तो फोन अजून वापरात असेल, तर तुम्ही बदललेला प्रत्येक पासवर्ड चोराला दिसत असण्याची शक्यता आहे. अशी ॲप्स एसएमएस आणि सूचना वाचण्याची परवानगी मागून घेतात आणि येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर पुढे पाठवतात. तुम्ही ओटीपी कोणालाही सांगितला नसतानाही तो चोराकडे पोहोचला, त्याचे कारण बहुधा हेच आहे. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, पण ते ॲप काढू नका आणि फोन पुसून टाकू नका, कारण ते ॲप हाच पुरावा आहे. पोलिसांनी त्याची नोंद घेतल्यानंतर, किंवा निदान त्या ॲपच्या नावाचे, परवानग्यांचे आणि मूळ निरोपाचे स्क्रीनशॉट काढून झाल्यानंतरच फोन फॅक्टरी रीसेट करा. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. मग सर्वांत आधी ईमेलचा पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट करा, आणि ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग हे दोन विभाग नीट पाहा. एक्सचेंजच्या नावाने येणारे प्रत्येक पत्र थेट कचरापेटीत टाकणारा फिल्टर चोराने तेथे लावून ठेवलेला असणे अगदी शक्य आहे. रात्री पैसे काढल्याचे पत्र तुमच्या नजरेला का पडले नाही, याचे उत्तर तेथे मिळू शकते. असा फिल्टर सापडला, तर तो काढून टाकण्यापूर्वी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. बँकेचे नेटबँकिंग आणि यूपीआय त्याच फोनवर असतील, तर त्यांचेही पासवर्ड आणि पिन याच क्रमाने बदला.

आता तुमच्या भीतीबद्दल. भारतात क्रिप्टो विकत घेणे किंवा बाळगणे हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्दबातल ठरवले. १ एप्रिल २०२२ पासून सरकार या व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर घेते, आणि मार्च २०२३ पासून एक्सचेंजांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणून वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणे बंधनकारक केलेले आहे. क्रिप्टो हे चलन म्हणून मान्य नाही, एवढेच खरे आहे. पण ती मालमत्ता आहे, आणि मालमत्तेची चोरी ही चोरीच असते. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एका एक्सचेंजवर अडकलेल्या नाण्यांच्या प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत सांगितले. पोलीस ठाण्यात तुम्ही फिर्यादी म्हणून जाणार आहात, आणि कोणी अंमलदार ‘असल्या भानगडीत पडलातच का’ असे म्हणाला, तरी त्यामुळे तुमचा तक्रारीचा हक्क कमी होत नाही.

१९३० वरची तक्रार आणि गुन्ह्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते आणि त्यामुळे मोलाचे दिवस वाया जातात. १९३० ची व्यवस्था मुख्यतः बँक खात्यांतून गेलेले रुपये वाटेत अडवण्यासाठी उभी केलेली आहे. तुमच्या प्रकरणात पैसा बँकेतून गेलेलाच नाही, त्यामुळे अडवायला समोर बँकच नव्हती. आता हवा आहे तो एफआयआर, कारण परदेशातील एक्सचेंज असो किंवा यूएसडीटी काढणारी कंपनी असो, ती तुमच्या पत्रावर क्वचितच हलते आणि पोलिसांच्या गुन्हा क्रमांकासह आलेल्या पत्रावर हलते. पोचपावतीचा क्रमांक घेऊन नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात जा. तुम्ही ग्रामीण हद्दीत राहत असाल, तर ग्रामीण पोलिसांच्या सायबर ठाण्यात जा. हद्दीचा वाद निघालाच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी. फसवणुकीसारख्या काही गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्याच कलमात आहे, त्यामुळे ‘आधी चौकशी करतो’ हे उत्तर मिळाले, तर ती चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली हे लेखी मागा. नोंद करून घेण्यास नकारच मिळाला, तर पोलीस उपायुक्तांकडे किंवा अधीक्षकांकडे लेखी तक्रार, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, अशी वाट कायद्याने ठेवलेली आहे. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६क (66C) आणि ६६ड (66D), म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे, यांचा उल्लेख जरूर करा. या कायद्याखालचा तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो.

ठाण्यात जाताना कागद कोणते न्यावेत, यावर या प्रकरणाचा बराच भाग अवलंबून आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. तुमच्या खात्याच्या इतिहासात पैसे काढल्याच्या प्रत्येक नोंदीपुढे व्यवहाराचा एक क्रमांक असतो. तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. तो हाताने लिहू नका, जसाच्या तसा कॉपी करा, कारण एक अक्षर चुकले तरी तपास अधिकाऱ्याला काहीही सापडणार नाही. तो क्रमांक ट्रॉनस्कॅन या सार्वजनिक संकेतस्थळावर टाकला की कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पत्त्यावर, किती वाजता, किती यूएसडीटी गेले ते कोणालाही पाहता येते, आणि त्यासाठी लॉग-इन किंवा शुल्क लागत नाही. इंग्रजी ‘टी’ने सुरू होणारा ३४ अक्षरांचा जो पत्ता ‘कोणाला’ या बाजूस दिसेल, त्यावर टिचकी मारली की तेथून पुढे रक्कम कुठे गेली तेही दिसते.

हे पाहताना तीन शक्यता लक्षात ठेवा. पहिली, रक्कम अजून त्याच पत्त्यावर पडून आहे. तसे असेल तर दिवस नव्हे, तास मोजायचे, आणि त्याच दिवशी ठाण्यात जाऊन हे पान अधिकाऱ्याला दाखवायचे. दुसरी, रक्कम एका मधल्या पत्त्यावर आली आणि काही मिनिटांत तेथून एखाद्या मोठ्या एक्सचेंजचे नाव लागलेल्या पत्त्यावर गेली. अशा वेळी तो मधला पत्ता म्हणजे बहुधा त्या एक्सचेंजने आपल्या एखाद्या ग्राहकाला पैसे भरण्यासाठी दिलेला पत्ता असतो, आणि तो ग्राहक कोण, त्याचे ओळखपत्र कोणते, तो कोणत्या आयपीवरून, म्हणजे कोणत्या इंटरनेट जोडणीवरून, आला, हे त्या एक्सचेंजला ठाऊक असते. तुमच्या तक्रारीत सर्वांत ठळक लिहायची ओळ तीच. त्यापुढे मात्र शोध घेऊ नका. एक्सचेंजच्या मुख्य वॉलेटमध्ये हजारो ग्राहकांची रक्कम एकत्र होते, आणि तेथून बाहेर पडणारा पैसा तुमचाच असे म्हणणे म्हणजे गोदावरीत ओतलेली ओंजळ रामकुंडाच्या पुढे ओळखू पाहण्यासारखे आहे. अनेक हौशी शोधक नेमके येथेच भरकटतात आणि पोलिसांना चुकीच्या माणसांच्या मागे लावतात. तिसरी शक्यता अशी की रक्कम तुकडे करून अनेक पत्त्यांवर किंवा दुसऱ्या नेटवर्कवर नेणाऱ्या पुलावर गेली असेल. ते काम विश्लेषणाची साधने असणाऱ्या तपास यंत्रणेचे आहे. तुम्ही फक्त पहिल्या काही पत्त्यांची यादी वेळेसह द्या.

चोराने तुमचे बिटकॉइन थेट न नेता यूएसडीटी करून नेले, यात एक आशेची बाजू आहे. बिटकॉइन कोणत्याही पत्त्यावर गोठवता येत नाही, कारण तसा अधिकारच कोणाकडे नाही. यूएसडीटी मात्र टेदर या कंपनीने काढलेले टोकन आहे, आणि एखादा पत्ता काळ्या यादीत टाकून तेथील टोकन जागच्या जागी अडवण्याची सोय त्या कंपनीने ट्रॉनवर आणि इथेरियमवर ठेवलेली आहे. पोलीस यंत्रणांच्या विनंतीवरून ती ही सोय वापरते. म्हणून तुमच्या तक्रार अर्जात ‘सदर पत्त्यावरील यूएसडीटी गोठवण्याबाबत टेदर कंपनीस आणि संबंधित एक्सचेंजच्या कायदा-अंमलबजावणी विभागास तातडीने कळवावे’ अशी स्पष्ट विनंती लिहा. प्रत्येक ठाण्यातील प्रत्येक अधिकाऱ्याला हा मार्ग माहीत असेलच असे नाही, आणि तो सांगण्यात त्यांचा अवमानही नाही. बहुतेक मोठ्या एक्सचेंजांनी पोलिसांच्या विनंत्यांसाठी वेगळी ऑनलाइन खिडकी ठेवलेली आहे. तुम्ही स्वतःही त्या एक्सचेंजच्या मदत विभागाला व्यवहार क्रमांक आणि तक्रारीचा क्रमांक पाठवा. ते खातेदाराचे नाव तुम्हाला सांगणार नाहीत, पण पोलिसांचे पत्र येईपर्यंत खाते निरीक्षणाखाली ठेवू शकतात.

स्क्रीनशॉट आणि नोंदी न्यायालयात टिकाव्यात यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. त्याचा नमुना कायद्यातच दिलेला आहे, आणि सायबर ठाण्यात तो भरून घेतील. मूळ ईमेल पुसू नका.

एवढे झाल्यावर तुमच्या स्वतःच्या एक्सचेंजकडे वळा. ‘पासवर्ड आणि ओटीपी बरोबर होते’ हे त्यांचे उत्तर अर्धवट आहे आणि ते तसेच स्वीकारण्याचे कारण नाही. त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा: त्या रात्री कोणत्या उपकरणावरून आणि कोणत्या आयपीवरून प्रवेश झाला, ते उपकरण पूर्वी कधी वापरले गेले होते का, पैसे काढण्याचा नवा पत्ता किती वाजता जोडला गेला, पासवर्ड किंवा सुरक्षा सेटिंग बदलली गेली का, आणि ती बदलल्यानंतर पैसे काढणे काही तास रोखून धरण्याचा त्यांचा स्वतःचा नियम होता का. अनेक एक्सचेंजांच्या वापरकर्ता-करारात किंवा मदत-पानांवर असा २४ तासांचा थांबा लिहिलेला असतो. तुमच्या एक्सचेंजच्या पानावर तो लिहिलेला असेल आणि त्या रात्री पाळला गेला नसेल, तर तुमची बाजू एकदम बळकट होते. ते पान आजच जतन करा, कारण अशी पाने बदलली जातात.

ही माहिती त्यांच्याकडे आहेच. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार क्रिप्टो एक्सचेंजांनी ग्राहकांची ओळख आणि व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे जपायच्या आहेत, आणि त्या नोंदींत आयपी पत्ते व वेळ यांचा समावेश असायला हवा. संगणक प्रणालींच्या सर्वसाधारण लॉगसाठी, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींसाठी, मात्र १८० दिवसांचीच मुदत आहे. म्हणजे सहा महिन्यांनी कोणी विचारले, तर काही तपशील कायदेशीररीत्या पुसला गेलेला असू शकतो. तुमच्या पत्रात ‘माझ्या खात्याशी संबंधित सर्व लॉग तपास पूर्ण होईपर्यंत जतन करावेत’ असे एक वाक्य आवर्जून घाला आणि त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला द्या. नोंदी मागवण्याची नोटीस पोलिसांनीच काढायची असते, पण जतनाची मागणी तुम्ही आज करू शकता.

एक्सचेंजकडून भरपाई मिळेल का? याचे उत्तर मी आशा वाढवून देणार नाही. बँक खात्यातून अनधिकृत व्यवहार झाल्यास ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम क्रिप्टो एक्सचेंजला लागू नाहीत, आणि ही उणीव गंभीर आहे. लाखो पगारदार माणसे आपली बचत जेथे ठेवतात, तेथे बँकेच्या ग्राहकाला मिळणारे किमान संरक्षणही नसावे, हे मला मुळीच पटत नाही. तरीही दोन दरवाजे आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि करारात लवादाचे कलम असले तरी ही वाट बंद होत नाही. तुम्ही पगारातून बचत म्हणून खरेदी करत होता, हे मासिक नोंदींसह दाखवा, कारण समोरचे वकील हा व्यापारी हेतूचा व्यवहार होता असे म्हणतील. दुसरा दरवाजा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खालील न्यायनिर्णय अधिकाऱ्याचा. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम पाहतात आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे ऐकू शकतात. महाराष्ट्रातच २०१३ मध्ये पुण्यातील एका कंपनीच्या बँक खात्यातून फसव्या ईमेलद्वारे रक्कम गेल्याच्या प्रकरणात या अधिकाऱ्याने बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. कंपनीने त्या फसव्या ईमेलला उत्तर दिले होते, म्हणून पूर्ण रक्कम मिळाली नाही, पण बँकेची सुरक्षा ढिली होती हा मुद्दा मान्य झाला. ते प्रकरण बँकेचे होते, एक्सचेंजचे नव्हे. तरी फसणाऱ्याची चूक असली म्हणून संस्थेची जबाबदारी शून्य होत नाही, हे तत्त्व तुमच्या कामाचे आहे. यासाठी वकील गाठावा लागेल, आणि ४ लाख ६० हजारांसाठी किती खर्च करायचा याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल.

करांची एक बाब तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या व्यवसायामुळे ती तुम्हाला लगेच कळेल. चोराने तुमच्या खात्यात बिटकॉइन आणि इथर देऊन यूएसडीटी घेतले, ते व्यवहार कागदोपत्री तुमच्या पॅनवर झालेले आहेत. एका क्रिप्टोच्या बदल्यात दुसरे घेतले तरी तो विक्रीचाच व्यवहार धरला जातो आणि त्यावर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो तुमच्या वार्षिक माहिती विवरणात दिसेल, आणि तुम्ही विवरणपत्रात तो व्यवहार दाखवला नाही, तर पुढे खुलाशाची नोटीस येऊ शकते. त्यात क्रिप्टोचा तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणून खरेदीच्या सर्व नोंदी, त्या रात्रीच्या व्यवहारांचा उतारा आणि एफआयआरची प्रत घेऊन विवरणपत्र भरण्याआधी या विषयातील जाणत्या सीएला भेटा. हे व्यवहार तुम्ही केलेले नाहीत, हे सांगण्यासाठी एफआयआर हाच तुमचा मुख्य आधार असेल.

रक्कम परत मिळण्याची शक्यता किती, हा प्रश्न तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीमागे आहे. प्रामाणिक उत्तर असे की अशा चोऱ्यांतील बहुतेक रक्कम परत येत नाही, आणि जी येते तिला वेळ लागतो. बिटफिनेक्स या एक्सचेंजवरून ऑगस्ट २०१६ मध्ये १ लाख १९ हजारांहून अधिक बिटकॉइन चोरीला गेले, त्यांपैकी सुमारे ९४ हजार अमेरिकी तपास यंत्रणांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये जप्त केले. चोराने ऑनलाइन साठवलेल्या एका फाइलमध्ये किल्ल्या सापडल्या, म्हणून हे जमले. इतक्या मोठ्या प्रकरणाला जी साधनसामग्री मिळाली, ती तुमच्या तक्रारीला मिळणार नाही. पण ब्लॉकचेनवरची नोंद साडेपाच वर्षांनीही जशीच्या तशी होती, आणि तुमच्या दोन व्यवहारांची नोंदही तशीच राहणार आहे. चोराने ओळखपत्र दिलेल्या एखाद्या खात्यातून ती रक्कम रुपयांत आणली असेल, तर तो माणूस उद्या नाही तरी वर्षभराने सापडू शकतो. रक्कम गोठवली गेलीच, तर ती तुम्हाला आपोआप मिळत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेखाली मालमत्ता परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तेथे मालकी सिद्ध करायला तुमच्या तीन वर्षांच्या खरेदीच्या नोंदी लागतील. त्या आत्ताच उतरवून घ्या. एक्सचेंजचे खाते उद्या बंद झाले, तर त्या मिळवणे कठीण होईल.

तुमचे काही परिचित कदाचित वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजचे उदाहरण देतील. जुलै २०२४ मध्ये तेथून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचे क्रिप्टो गेले, आणि ग्राहकांची देणी सिंगापूरच्या न्यायालयात मंजूर झालेल्या योजनेनुसार हाताळली गेली. पण तेथे एक्सचेंजच्याच तिजोरीवर दरोडा पडला होता आणि नुकसान सगळ्या ग्राहकांत वाटले गेले. तुमच्याकडे एकाच ग्राहकाचे खाते फोडले गेले आहे. त्यामुळे तशा सामूहिक योजनेची वाट पाहू नका.

शेवटी घरच्यांविषयी. तुम्ही कोणालाच सांगितलेले नाही, आणि टेलिग्रामवरच्या माणसाचे सगळे बळ त्यातच आहे. एकट्याने, गुपचूप, लाजेपोटी निर्णय घेणारा माणूसच दुसऱ्यांदा पैसे देतो. ठाण्यात जाण्यापूर्वी पतीला किंवा घरातील ज्या व्यक्तीवर तुमचा भरवसा आहे तिला, किती रक्कम गेली आणि कशी गेली, हे स्पष्ट सांगा आणि जमल्यास तिला सोबत न्या. तपासासाठी फोन येतील, जबाबासाठी बोलावणे येईल, आणि ते सारे घरापासून लपवत निभावणे तुम्हाला फार जड जाईल. तुम्ही तुमच्याच कष्टाचे पैसे साठवत होता आणि एका सराईत टोळीने तुम्हाला फसवले. यात तुम्ही तोंड लपवावे असे काहीही नाही.

एफआयआर झाल्यावर तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी काही कळले नाही, तर गुन्हा क्रमांक घालून लेखी विचारणा करा. एक्सचेंजला पत्र ईमेलने आणि पोस्टाने, दोन्ही मार्गांनी पाठवा आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत द्या. त्यांचे उत्तर आले की त्याची प्रत, वापरकर्ता-करारातील सुरक्षेची कलमे आणि त्या २४ तासांच्या थांब्याचे पान एवढे मला पाठवा. ग्राहक आयोगाकडे जाण्याइतके ते भक्कम आहे की नाही, हे त्यावरून ठरवता येईल.